आधी क्रमांक, मग अर्थ



दर एक-दोन वर्षांनी वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते : सिंधू संस्कृतीची लिपी अखेर वाचली गेली! वाचणारा कधी अभियंता असतो, कधी निवृत्त अधिकारी, कधी प्राध्यापक. कोणाला त्यात संस्कृत सापडते, कोणाला तमिळ, कोणाला आणखी काही. आजवर असे शंभराहून अधिक दावे झाले आहेत आणि त्यांपैकी एकही सर्व अभ्यासकांनी मान्य केलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडू सरकारने ही लिपी उलगडणाऱ्यास दहा लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले. त्यानंतर तर या विषयाची चर्चा घरोघरी पोहोचली.

आम्हाला आज या बक्षिसाविषयी लिहायचे नाही. ज्यांनी या लिपीचा एकही शब्द वाचल्याचा गाजावाजा न करता तिची चिन्हे एकेक करून वेगळी केली, मोजली आणि त्यांना क्रमांक दिले, त्यांच्या कामाविषयी लिहायचे आहे. कारण आमच्या मते आपल्या शाळेने मुलांपुढे आदर्श ठेवायचा तो या कामाचा.

याला निमित्तही तसेच घडले. या वर्षीच्या प्रदर्शनात नववीच्या मुलामुलींनी सिंधू लिपीच्या चाळीस चिन्हांचा तक्ता लावला होता. त्यात तीन रकाने होते : चिन्ह, क्रमांक आणि अर्थ. पहिले दोन भरलेले, तिसरा पूर्ण कोरा. तो कोरा ठेवा, असे आम्हीच सांगितले होते. प्रदर्शन पाहून गेलेल्या पालकांपैकी काहींनी मनमोकळेपणाने नाराजी सांगितली. एका पालकांचे म्हणणे, ‘‘इंटरनेटवर सगळे अर्थ मिळतात, मग रकाना रिकामा का?’’ दुसऱ्यांचे म्हणणे, ‘‘मुलांनी महिनाभर मेहनत करून शेवटी ‘माहीत नाही’ एवढेच शिकायचे का?’’ आणि एका ज्येष्ठ विश्वस्तांनी हसत हसत पण मनापासून विचारले, ‘‘सर, आपल्या पूर्वजांच्या अक्षरांना कैद्यांसारखे नंबर कशाला?’’ प्रश्न तिन्ही रास्त आहेत. त्यांची उत्तरे सविस्तर द्यावीत, म्हणून हा लेख.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. हडप्पा येथे मिळालेल्या एका मुद्रेचे चित्र अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७५ साली प्रसिद्ध केले. तेव्हा ती कोणत्या काळातली, हे कोणालाच ठाऊक नव्हते. पुढे १९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी हडप्पा येथे आणि १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडो येथे खोदकाम सुरू केले, आणि १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची वार्ता जगाला दिली. मोहेंजोदडोच्या एका विभागाला आजही ‘डी. के.’ म्हणतात. ही अक्षरे आहेत काशिनाथ नारायण दीक्षित यांच्या नावाची. पंढरपुरास जन्मलेले हे गृहस्थ पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. आपल्या किती मुलांना हे नाव माहीत आहे?

या संस्कृतीचा भरभराटीचा काळ साधारण इ. स. पूर्व २६०० ते १९०० असा मानतात. तिच्या मुद्रा, खापरे, तांब्याच्या पट्ट्या यांवर छोटे छोटे लेख आहेत. छोटे म्हणजे किती? सरासरी पाच चिन्हांचे! एकच मजकूर दोन लिप्यांत कोरलेला असा एकही लेख सापडलेला नाही. म्हणजे वाचायला मजकूर थोडा, आणि हात धरून नेणारा सोबती कोणी नाही.

अशा वेळी करायचे काय? उतावळा माणूस पहिल्याच चिन्हाकडे बघून म्हणतो, ‘‘हा मासा!’’ आणि पुढे पळत सुटतो. संयमी माणूस आधी सगळी चिन्हे गोळा करतो. तमिळ ब्राह्मी लेखांचे गाढे अभ्यासक इरावतम महादेवन हे अशा संयमी माणसांपैकी होते. ते मुळात प्रशासकीय सेवेतील अधिकारी. त्यांनी अनेक वर्षे खपून, संगणकाची मदत घेऊन सिंधू लेखांची एक मोठी सूची तयार केली आणि १९७७ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याने ती प्रसिद्ध केली. लेख असलेल्या २९०६ वस्तू, त्यांवरील ३५७३ ओळी, आणि एकूण ४१७ वेगवेगळी चिन्हे. प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक, आणि ते चिन्ह कोणत्या लेखात, कोणत्या जागी, कोणाच्या शेजारी येते, याची पूर्ण नोंद. महादेवन यांचा स्वतःचा कल ही भाषा द्राविडी कुळातली असावी, असा होता. पण सूचीत त्यांनी तो कल घुसवला नाही. ही गोष्ट फार मोठी आहे. २०१८ मध्ये ते निवर्तले, पण त्यांचे क्रमांक आजही वापरात आहेत.

आता पहिला प्रश्न : अर्थाचा रकाना कोरा का?

सूचीतील ५९ क्रमांकाचे चिन्ह माशासारखे दिसते. मुंबईत राहून संशोधन करणाऱ्या फादर हेरास यांनी असे सुचवले, की हा ‘मीन’ असावा. द्राविडी भाषांत मीन म्हणजे मासा, आणि त्याच उच्चाराचा दुसरा अर्थ तारा. फिनलंडचे विद्वान आस्को पार्पोला यांनी हा विचार पुढे नेला. कल्पना सुंदर आहे, पण सिद्ध झालेली नाही. ३४२ क्रमांकाचे चिन्ह कोणाला दोन कानांचे भांडे वाटते, तर कोणाला शिंगे असलेले गाईचे तोंड. आता तक्त्यात ‘भांडे’ लिहिले, की पाहणाऱ्याच्या डोक्यात भांडेच बसते. पुढे तो त्याकडे मोकळ्या नजरेने पाहू शकत नाही. ‘३४२’ म्हटले की भांडेवाला, गायवाला आणि तिसरा कोणी, सगळे एकाच गोष्टीविषयी बोलू शकतात.

मुद्रांनाही असेच क्रमांक आहेत. जगत्पती जोशी आणि पार्पोला यांनी भारतातील संग्रहांचा सचित्र खंड १९८७ मध्ये काढला, आणि पाकिस्तानातील संग्रहांचा खंड १९९१ मध्ये निघाला. फाळणीत वाटल्या गेलेल्या वस्तू निदान कागदावर तरी पुन्हा एका रांगेत आल्या. त्यात मोहेंजोदडोच्या वस्तूंना ‘एम’, हडप्पाच्या वस्तूंना ‘एच’, लोथलच्या वस्तूंना ‘एल’ अशी अक्षरे आहेत. आपण पाठ्यपुस्तकात जिला ‘पशुपती मुद्रा’ म्हणतो, ती तेथे ‘एम-३०४’ आहे. त्या आसनस्थ आकृतीत शिवाचे आदिरूप पाहणे, हे मार्शल यांचे मत. भाविकाने तेथे हात जोडावेत, त्याला कोणी अडवत नाही. पण नोंदवहीत मत आणि वस्तू वेगवेगळ्या ठेवाव्या लागतात. मत उद्या बदलेल. एम-३०४ तीच राहील.

विश्वस्त महोदयांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. क्रमांक देणे हा अपमान नव्हे. जे आपल्याला कळलेले नाही, त्याच्या तोंडी आपले शब्द न घालणे, हा पूर्वजांचा मानच आहे.

दुसरा प्रश्न : मोजण्यात विशेष ते काय? मोजणे तर पहिलीतले मूलही करते.

विद्यार्थी मित्रांनो, मोजणे वाटते तितके सोपे नाही. आपल्याच लिपीचे उदाहरण घ्या. ‘राम’ मधला र, ‘कर्म’ मधला डोक्यावरचा रफार, ‘चक्र’ मधली तिरपी रेघ, ‘राष्ट्र’ मधले ट च्या पायाशी असलेले टोपीसारखे चिन्ह आणि ‘दऱ्या’ मधला र. ज्याला देवनागरी येत नाही, तो यांना पाच चिन्हे म्हणेल आणि पाच क्रमांक देईल. आपल्याला ठाऊक आहे, की हा एकच र आहे. उलट ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे त्याला एकेक चिन्ह वाटतील. प्रत्यक्षात ते जोडाक्षर आहेत. आणि ‘ख’ पाहून तो म्हणेल, हे तर र आणि व शेजारी शेजारी!

आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदी पुस्तकांत छापला जाणारा ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण वेगळे, मराठी पुस्तकांतले वेगळे. इंदूरसारख्या गावात आपली मुले सकाळी एक वळण वाचतात आणि दुपारी दुसरे, आणि त्यांना काही अडत नाही. पण चार हजार वर्षांनी एखाद्या परक्या संशोधकाला दोन्ही पुस्तकांची फाटकी पाने मिळाली, तर तो काय करील? एक ल म्हणेल, की दोन?

सिंधू लिपीच्या अभ्यासकांपुढे हीच अडचण आहे. माशाच्या पोटात एक आडवी रेघ असेल, तर ते वेगळे चिन्ह मानायचे, की कोरणाऱ्याच्या हाताची लकब? माशाच्या डोक्यावर छपरासारखी खूण असेल, तर ते एक चिन्ह, की दोन चिन्हांचे जोडाक्षर? म्हणूनच आकडे जुळत नाहीत. महादेवन ४१७ म्हणतात, पार्पोला यांनी १९९४ मध्ये ३८६ दिली, ब्रायन वेल्स यांनी २०११ मध्ये ६७६ मोजली. आणि लोथलचे उत्खनन करणारे, पुढे गोव्याच्या सागर संशोधन संस्थेत समुद्रतळाचे पुरातत्त्व उभे करणारे एस. आर. राव यांनी चिन्हांची फोड करत करत मूळ संख्या ६२ वर आणली.

६२ की ६७६? हा केवळ हिशेबाचा वाद नाही. संख्येवरून लिपीची जात कळते. इंग्रजीसारख्या वर्णमालेला पंचवीस-तीस खुणा पुरतात. प्रत्येक खुणेला एक अक्षर, म्हणजे क, कि, कु यांना स्वतंत्र खुणा, अशी पद्धत असेल, तर साधारण पन्नास ते शंभर लागतात. खुणा शब्दासाठीही आणि उच्चारासाठीही असतील, तर शेकडो लागतात. म्हणजे मोजणी चुकली, की पुढची सगळी इमारत चुकीच्या पायावर उभी राहते. जो आधी भाषा ठरवतो आणि मग तिला सोयीची होईल अशी चिन्हे मोजतो, त्याने कळस आधी घेऊन ठेवला आणि त्याला साजेसे देऊळ शोधायला निघाला, असे म्हणावे लागेल.

आणि नुसत्या क्रमांकांतून किती कळते, पाहा. महादेवन यांच्या सूचीत सर्व चिन्हे मिळून १३,३७२ वेळा आली आहेत. त्यांपैकी एकटे ३४२ क्रमांकाचे चिन्ह १३९५ वेळा, म्हणजे दर दहांत एकदा येते, आणि बहुधा लेखाच्या शेवटी येते. २६७ क्रमांकाचे चिन्ह पुष्कळदा आरंभी येते आणि त्याच्या पाठोपाठ ९९. अवघी ६७ चिन्हे एकूण मजकुराचा ऐंशी टक्के भाग व्यापतात. उलट ११२ चिन्हे संपूर्ण संग्रहात फक्त एकेकदाच भेटतात. एकही शब्द न वाचता एवढे समजले : या लेखांना क्रम आहे, शिस्त आहे.

गंमत अशी, की परस्परांशी भांडणारेही याच नोंदींच्या आधारे भांडतात. २००४ मध्ये फार्मर, स्प्रोट आणि विट्झेल या तिघांनी म्हटले, की ही मुळी भाषा लिहिणारी लिपीच नव्हे. एकेकदाच येणाऱ्या चिन्हांची एवढी मोठी संख्या हा त्यांच्या युक्तिवादाचा एक भाग होता. २००९ मध्ये राजेश राव, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील निशा यादव आणि मयंक वाहिया, त्यांचे सहकारी आणि स्वतः महादेवन यांनी ‘सायन्स’ या पत्रिकेत दाखवले, की चिन्हांचा क्रम भाषेच्या क्रमासारखा आहे, अगदी ठरीव नाही आणि अगदी विस्कळीतही नाही. विरोधकांनी त्यावरही आक्षेप घेतले. वाद मिटलेला नाही. पण दोन्ही बाजूंना बोलता आले, ते कोणीतरी आधी मोजून ठेवले होते म्हणून.

तिसरा प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत महत्त्वाचा : ‘माहीत नाही’ हे शिकण्यात मुलांचे काय भले?

यासाठी ग्रीसचे उदाहरण सांगतो. क्रीट बेटावर १९०० साली आर्थर इव्हान्स यांना मातीच्या पाट्या मिळाल्या. त्यांवरील एका लिपीला ‘लिनिअर बी’ असे नाव पडले. पन्नास वर्षे ती कोणालाच वाचता आली नाही. अमेरिकेत ब्रुकलिन कॉलेजात शिकवणाऱ्या ॲलिस कोबर या विदुषीने दिवसा नोकरी आणि रात्री हे काम, असा क्रम ठेवला. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा पत्रकांच्या, शुभेच्छापत्रांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांनी नोंदीचे तुकडे केले आणि सिगारेटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवले. असे जवळजवळ एक लाख ऐंशी हजार तुकडे! एकाही चिन्हाचा उच्चार न ठरवता त्यांनी दाखवून दिले, की या भाषेत शब्दांचे शेवट बदलतात, जसे आपण ‘घर, घराला, घरात’ म्हणतो. १९५० मध्ये त्या वारल्या. १९५१ मध्ये एमेट बेनेट यांनी कोणती चिन्हे एकच आणि कोणती वेगळी, याचा निवाडा करून नीट चिन्हसूची दिली. १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशास्त्रज्ञाने लिपी वाचली. ती ग्रीक निघाली.

यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी, की व्हेंट्रिस यांना स्वतःला बरीच वर्षे वाटत होते, ही भाषा ग्रीक नसून एट्रस्कन असावी. नोंदी नीट होत्या म्हणून त्या त्यांना त्यांच्याच आवडत्या मताविरुद्ध घेऊन गेल्या. नोंदी मनासारख्या वळवलेल्या असत्या, तर ते मतापाशीच थांबले असते.

सिंधू लिपीही अशीच एक दिवस वाचली जाईल का? तसे वचन कोणी देऊ नये. लिनिअर बी चे लेख लांब होते आणि भाषा ओळखीची निघाली. येथे पाच चिन्हांचे लेख आहेत. पण नवे काही सापडत असते. गुजरातेत धोलावीरा येथे आर. एस. बिश्त यांच्या उत्खननात उत्तर दरवाजापाशी मोठमोठ्या दहा चिन्हांचा फलक मिळाला. उद्या एखादा लांब लेख मिळाला, तर तो पडताळून पाहण्यासाठी सूची तयार असली पाहिजे. ती ज्यांनी केली, त्यांना ठाऊक होते की फळ कदाचित आपल्या हयातीत दिसणार नाही. तरीही त्यांनी ३४२ च्या जागी ३४१ पडू दिला नाही.

पालक बंधु-भगिनींनो, आज आपल्या मुलांच्या हातात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर तत्काळ देणारी यंत्रे आहेत. त्यांना सिंधू मुद्रेचा अर्थ विचारला, तर तेथे कोणाचा तरी दावा छान मराठीत, ठाम शब्दांत मिळतो. त्यामुळे उत्तर मिळवणे ही आता मोठी गोष्ट राहिलेली नाही. हे उत्तर कशाच्या आधारावर उभे आहे, हे विचारणे ही मोठी गोष्ट आहे. परीक्षेत ‘माहीत नाही’ लिहिले तर गुण मिळत नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. पण दवाखान्यात, न्यायालयात, हिशेबाच्या वहीत, माहीत नसताना माहीत असल्यासारखे करणारा माणूस किती नुकसान करतो, हे आपण सर्व जाणतो. त्या सवयीची सुरुवात शाळेतल्या भरलेल्या रकान्यापासूनच होते.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या प्रदर्शनात ‘लिपी उलगडली’ असा फलक लागणार नाही, मग तो दावा कोणत्याही भाषेच्या बाजूचा असो, आपल्या आवडीचा असो वा नावडीचा. आणि पुढील सत्रापासून आठवी-नववीसाठी एक छोटा उपक्रम सुरू करण्याचा विचार आहे. प्रत्येक गटाला मराठीचे एक आणि हिंदीचे एक छापील पान मिळेल. मुलांनी ही लिपी आपल्याला येतच नाही असे समजून त्यातील चिन्हे वेगळी करायची, क्रमांक द्यायचे, किती वेळा आली ते मोजायचे आणि दोन चिन्हे एक का मानली किंवा वेगळी का मानली, याचे कारण लिहायचे. गटागटांचे आकडे जुळणार नाहीत. तेव्हा जो वर्गात वाद होईल, तोच खरा धडा. बक्षीस मिळेल ते ज्या गटाने आपला नियम शेवटच्या ओळीपर्यंत पाळला, त्याला.

विश्वस्त मंडळाकडे मागणी अगदी लहान आहे : चार भिंगे, नोंदीची काही हजार कार्डे आणि वाचनालयात एक कप्पा. पालकांकडे मागणी त्याहून लहान. मुलाने घरी येऊन एखाद्या चिन्हाचा अर्थ विचारला आणि आपल्याला तो ठाऊक नसला, तर तसे सांगावे, आणि त्याला विचारावे, ‘‘त्याचा क्रमांक काय?’’